‘गोळ्या गरम पडल्या’ म्हणजे नेमकं काय झालं?

कागलच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मिस्टर ४२ वर्षांचे. गेल्या महिन्यात दाढ काढली, पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या ओठावर आणि उजव्या पंजाच्या पाठीवर आग व्हायला लागली. ओठावर फोड आला, हातावर रुपयाएवढा लाल-जांभळा गोल चट्टा. दोन वर्षांपूर्वी जुलाबाच्या गोळ्या घेतल्यावर अगदी ह्याच दोन जागी असंच झालं होतं. अधेमधे ताप आला तेव्हा पॅरासिटामॉल घेतली, त्यानं काही झालं नाही. सासूबाई म्हणतात गोळ्या गरम पडल्या. सब्जा, गुलकंद चालू आहे. आता दुसऱ्या दाढेला रूट कॅनॉल सांगितलंय आणि मिस्टर म्हणतात, दुखलं तर दुखू दे, पण पेनकिलर घेणार नाही. नात्यातल्या कुणाची तरी गोळीनं अख्खी कातडी निघाली होती, ते त्यांच्या डोक्यात बसलंय. पेनकिलर कायमची बंद करायची का?

ताई, आधी मिस्टरांचं सांगतो, मग कातडी निघण्याच्या गोष्टीकडे येतो. मी दातांचा डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. पण कोल्हापूरच्या राजारामपुरीत सत्तावीस वर्षं दवाखाना चालवताना ‘गोळ्या गरम पडल्या’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की त्यामागं चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात हे पक्कं कळून चुकलंय. एखादा किरकोळ असतो, एखादा जीव घेणारा. नाव मात्र सगळ्यांना एकच.

तुम्ही चिठ्ठीवरची नावं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. दिसायला दोन गोळ्या आहेत, पण औषधं पाच आहेत. एका गोळीत ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल. दुसरीत एसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराटिओपेप्टिडेज. म्हणजे संशयित पाच. ह्यातली पॅरासिटामॉल त्यांनी मधल्या काळात घेतली आणि पचवली, ती सुटली. आता दोन वर्षांपूर्वीची जुलाबाची गोळी बघा. नाव तुम्हाला आठवत नाही, पण आपल्याकडे पोट बिघडलं की मेडिकलमधून सर्रास हातात पडते ती हीच ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. जुलाबाला कुणी एसिक्लोफेनॅक देत नाही. दोन्ही वेळेला हजर असणारा संशयित पेनकिलर नाही, अँटिबायोटिकची गोळी आहे. मी शपथेवर सांगत नाही, पण पैज लावायची वेळ आली तर ऑर्निडाझोल नाहीतर ऑफ्लॉक्सासिनवर लावीन. मिस्टर महिनाभर ज्या गोळीला शिव्या घालतायत ती बहुधा निर्दोष आहे, आणि खरी दोषी पुढच्या जुलाबाला पुन्हा पोटात जाईल. मला काळजी त्याची वाटते.

ह्या प्रकाराला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. फिक्स्ड म्हणजे जागा ठरलेली. औषध पोटात गेलं की काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, ठरलेल्या जागी आग, लाली, कधी फोड. मग तो बसतो आणि मागं काळपट डाग ठेवतो. पुढच्या वेळी त्याच जागी, कधी जोडीला नवी एखादी जागा. असं का होतं? पहिल्या वेळेला तिथं जमलेल्या लढाऊ पांढऱ्या पेशींपैकी काही परत जातच नाहीत. मिरवणूक संपली की चौकातला बंदोबस्त उठतो, पण इथं दोन शिपाई तिथंच खुर्ची टाकून वर्षानुवर्षं बसून राहतात. तेच औषध पुन्हा रक्तात आलं की बाकी शरीराला पत्ता लागायच्या आत हे दोघे लाठी चालवायला लागतात. म्हणून जागा चुकत नाही. पोटातली उष्णता असती तर तिनं दर वेळी तोच ओठ आणि तोच पंजा कशाला निवडला असता?

एक नाजूक गोष्ट. ओठ, हात आणि गुप्तांग ह्या ह्या आजाराच्या आवडत्या जागा. पुरुषांमध्ये गुप्तांगावर चट्टा किंवा जखम येते आणि ते कुणाला सांगत नाहीत, कारण वेगळाच संशय येतो. ह्यावरून घरात भांडणं झालेली मला माहीत आहेत. एक जोडपं तर माझ्यासमोरच भांडलं होतं. मिस्टरांना एकट्यात विचारा. तसं काही असेल तर लाजू नका, घाबरू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ते जुन्या डागावर औषध लावून पट्टी चाचणी करू शकतात आणि पाचातला नेमका कोण हे बऱ्याचदा कळतं. तोपर्यंत ऑर्निडाझोल बंद, आणि तिची भावंडं मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोलही बंद. ऑफ्लॉक्सासिन बंद, त्याच्या घरातली सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिनही बंद. एसिक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक चाचणी होईपर्यंत बाजूला ठेवा. हे कमी जागी आलेलं दुखणं जिवावरचं नाही. पण तेच औषध पुन्हा पुन्हा घेत राहिलं तर चट्टे वाढत जातात, अंगभर मोठे फोड येऊ शकतात आणि ते प्रकरण दवाखान्यात भरती करण्याएवढं वाढतं.

सेराटिओपेप्टिडेजबद्दल जाता जाता. सूज उतरते म्हणून आम्ही दंतवैद्य हे वर्षानुवर्षं लिहितो, मीही लिहायचो. पुरावा लंगडा आहे. जपानमध्ये ते वापरात होतं, तिथल्या कंपनीनं २०११ मध्ये स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडं मात्र दाढ काढली की ते ठरलेलंच. एका गोळीत तीन औषधं कोंबली की त्रास झाल्यावर चोर शोधायचं काम तिप्पट होतं, एवढं तरी लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवं.

आता पेनकिलरनं खरोखर होणारे प्रकार. ते ओळखायची सगळ्यात सोपी किल्ली म्हणजे घड्याळ आणि कॅलेंडर. गोळी घेतल्यावर किती वेळानं झालं?

पाच-दहा मिनिटांपासून काही तासांत झालं, अंगावर गांध्या उठल्या, खाज सुटली, डोळ्यांच्या पापण्या नाहीतर ओठ सुजून टम्म झाले, तर त्याला आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, कीटोरोलॅक, कुठल्याही गोळीनं होऊ शकतं. ह्यातली गोम अशी, की पुष्कळदा ही खरी ॲलर्जी नसतेच. ह्या गोळ्या शरीरातलं कॉक्स-१ नावाचं एक एन्झाइम बंद पाडतात. दुखणं थांबवताना हे होतंच, पण काही माणसांत त्याच धक्क्यानं गांध्या उठवणारी रसायनं वाढतात. म्हणून अशा माणसाला डायक्लोफेनॅक चाललं नाही तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनही चालत नाही. नाव बदलून फायदा नाही, कारण सगळ्यांचं काम एकच. दमा आणि नाकात मास वाढलेलं असेल तर अशी गोळी घेतल्यावर दमा उसळतो, हे त्याहून वाईट. ह्या लोकांना नेहमीच्या डोसातली पॅरासिटामॉल बहुतेक वेळा सोसते. एटोरिकॉक्सिबसारखी गोळी डॉक्टरसमोर चाचणी डोस देऊन सोसते का ते बघता येतं. श्वास घ्यायला त्रास, घसा आवळल्यासारखा, चक्कर, गरगरणं असं काही असेल तर मात्र ‘पित्ताची गोळी घेऊन बघूया’ करत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. तिथं उपाय ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हा आहे.

औषधानंतर एक-दोन दिवसांत ताप येऊन मानेवर, काखेत, जांघेत लाल कातडीवर बारीक बारीक पुवाच्या पुटकुळ्या उठतात, असाही एक प्रकार आहे. दिसायला भयंकर, पण औषध थांबवलं की बहुधा उतरतो.

तिसऱ्या प्रकाराला घाई नसते. गोळी सुरू झाल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी, आणि रक्त तपासलं तर इओसिनोफिल पेशी वाढलेल्या, लिव्हर बिघडलेलं. ह्याला ड्रेस सिंड्रोम म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशननं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल देशभर सावधगिरीची सूचना काढली ती ह्याच ड्रेसबद्दल. मेफेनॅमिक ॲसिड म्हणजे पाळीच्या पोटदुखीला बायका घेतात आणि दातदुखीलाही घराघरांत दिली जाते ती गोळी. सूचना आली तेव्हा माझ्याकडे दोन दिवस फोन, ‘डॉक्टर, ती गोळी बंद झाली का?’ बंद झालेली नाही. लक्ष ठेवा, असं डॉक्टरांना आणि पेशंटना सांगितलं होतं. महिन्यातून दोन दिवस घेणाऱ्या बाईनं घाबरून जायचं कारण नाही, पण गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनी असा ताप-पुरळ आला तर डॉक्टरांना त्या गोळीबद्दल आवर्जून सांगायचं. इतक्या दिवसांपूर्वीची गोळी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि तिथंच निदान चुकतं.

आता तुमच्या नात्यातली ती गोष्ट. कातडी निघण्याचा आजार खरा आहे. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन ह्या डॉक्टरांनी दोन मुलांचं वर्णन छापलं, ताप, तोंड आणि डोळे सुजून जखमा, अंगावर चट्टे. म्हणून स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. १९५६ मध्ये ॲलन लायल ह्या डॉक्टरांनी भाजल्यासारखी कातडी उतरण्याचं वर्णन केलं, त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. आज हे दोन्ही एकाच आजाराची लहान-मोठी रूपं मानतात. शरीराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर पहिलं नाव, तीस टक्क्यांच्या वर गेली तर दुसरं, मधलं ते मधलं. टक्का मोजायचा तर पेशंटचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे साधारण एक टक्का. पहिल्या रूपात शंभरातले पाच ते दहा दगावतात, दुसऱ्यात तीसच्या आसपास.

मात्र हा किती दुर्मीळ आहे तेही ऐका. दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते सहा, असा जगभरचा अंदाज. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख ७६ हजार होती. त्या हिशेबानं अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला चार ते तेवीस-चोवीस, तेही सगळ्या औषधांमुळे मिळून. रोज पेनकिलर किती हजार लोक घेतात त्याचा विचार करा.

माझ्या आयुष्यात मी असा पेशंट सुरुवातीच्या टप्प्यावर एकदाच बघितला आणि तेव्हाही चुकता चुकता वाचलो. पन्हाळ्याच्या बाजूच्या एक मावशी, साठीच्या आतबाहेर, मुलानं मोटारसायकलवरून आणलेल्या. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, ‘डाक्टर, तोंड लई आलंय. पानी सुदीक गिळवत न्हाई. कायतर मलम द्या.’ तोंड येणं आमच्या धंद्यात रोजचंच. मी आरशानं वरवर बघितलं, जखमा होत्या, आणि पेन उचलून जेलचं नाव लिहायलाही लागलो. तेवढ्यात त्यांनी रुमालानं डोळे पुसले. डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या. ‘मावशी, डोळं कवापासनं लाल हायत?’ मुलगाच बोलला, ‘काल रातीपासनं. तापबी हाय दोन दिस.’

मग नीट बघितलं. नेहमीचं तोंड येतं तेव्हा जखमा आतल्या मऊ भागात असतात, पाच-सात मोजता येतात आणि ओठाच्या बाहेरच्या कडेला शिवत नाहीत. तापात ओठावर फोड येतात ते एका कोपऱ्यात, बारीक फोडांचा घोस असतो. मावशींचे दोन्ही ओठ पूर्ण सोलवटलेले, वर रक्ताची काळी खपली, आणि आत टाळूपर्यंत पांढरट पापुद्रा, कापसानं पुसला तर निघून यायचा. पदर थोडा बाजूला घ्यायला सांगितला. छातीवर जांभळट ठिपके, मध्ये गडद. ‘खाज येती का?’ ‘खाज न्हाई बाबा, आग हुतीया. कापड लागलं तरी सोसत न्हाई.’ हे वाक्य मी विसरलेलो नाही. साधं पुरळ खाजतं, हे दुखतं. एका ठिपक्याशेजारी बोटानं हलकंच घासलं तर वरची कातडी ओल्या कागदासारखी सरकली. ह्या खुणेला निकोल्स्की साइन म्हणतात. पुस्तकात वाचली होती, बोटाखाली पहिल्यांदाच आली.

‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ मुलगा म्हणाला, ‘काल तापाची घेतली, तीच गरम पडली बघा.’ अजून काही? बराच वेळ ‘काय न्हाई’, मग खिशातून कागदाची पुडी निघाली. गुडघेदुखीसाठी गावातल्या मेडिकलमधून दोन आठवड्यांपूर्वी आणलेल्या, रोज एक. स्ट्रिप कात्रीनं कापलेली, तुकड्यावर नावाचं शेपूट तेवढं उरलं होतं, ‘कॅम’. पायरॉक्सिकॅम किंवा तिची बहीण. ऑक्सिकॅम हे पेनकिलरचं एक घराणं आहे आणि ह्या आजाराच्या बाबतीत पेनकिलरमध्ये सगळ्यात बदनाम तेच. युरोपातल्या मोठ्या अभ्यासांत ऑक्सिकॅमचा संबंध ठळक निघाला; डायक्लोफेनॅकच्या घराण्याचा त्याहून बराच कमी; आयबुप्रोफेनचा आणखी कमी.

तापाच्या गोळीवर आलेला आळ बघा. हा आजार असा सुरू होतो: अंगावर काही दिसायच्या एक ते तीन दिवस आधी ताप, घसा दुखणं, डोळ्यांची आग, तोंडात जखमा. माणसाला वाटतं फ्लू झाला, नाहीतर दाताचं काही झालं. म्हणून तो पॅरासिटामॉल नाहीतर दातदुखीची गोळी घेतो. दुसऱ्या दिवशी कातडीवर फोड येतात आणि शेवटची गोळी पकडली जाते. खरा गुन्हेगार त्याआधी चार दिवस ते चार आठवडे ह्या काळात सुरू झालेलं नवं औषध असतो. दातदुखीच्या गोळ्यांवर ह्या आजाराचा जेवढा आळ येतो, त्यातला काही भाग ह्या उलट्या हिशेबातून आलाय असं माझं मत आहे. सगळा नव्हे. अमेरिकेच्या एफडीएनं ऑगस्ट २०१३ मध्ये पॅरासिटामॉलबद्दलही असा इशारा दिलाच होता. क्वचित, पण होऊ शकतं. आणि व्हॅल्डेकॉक्सिब ही गोळी तर हृदयाच्या धोक्याबरोबरच ह्या कातडीच्या आजारामुळे २००५ मध्ये अमेरिकेत मागे घेतली गेली, त्याच वर्षी आपल्याकडेही बंद झाली. त्या काळात मी स्वतः ती दाढ काढल्यावर लिहायचो.

मावशींना तिथूनच सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात संशय आणि तो स्ट्रिपचा तुकडा पिन मारून. जेलच्या चिठ्ठीचे तुकडे केले. अशा पेशंटला भाजलेल्या माणसासारखं सांभाळावं लागतं: सलाईन, जंतू लागू नयेत म्हणून वेगळी खोली, आणि पहिल्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, कारण कातडी परत येते पण बुबुळावरची जखम कायमचं नुकसान करून जाते. संशयित औषध जितकं लवकर थांबेल तितका जीव वाचण्याचा संभव जास्त. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन काही तासांत शरीरातून जातात. पायरॉक्सिकॅमची निम्मी मात्रा जायलाच साधारण पन्नास तास लागतात, म्हणजे आज बंद केली तरी आठवडाभर ती अंगात आहेच. मावशी वाचल्या. डोळे मात्र कोरडे झाले, ते थेंब आता जन्माचे.

आमच्या धंद्यात ह्याहून मोठा धोका ज्या औषधाचा, ते पेनकिलर म्हणून कुणी ओळखतच नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, तोंड धुताना, वारा लागला तरी. लोकांना वाटतं दाढ दुखतेय, चांगल्या दाढा काढून घेतात. तो नसेचा आजार असतो, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, आणि त्यावर कार्बामाझेपिन हे उत्तम औषध. पण कातडी निघण्याच्या आजाराच्या यादीत कार्बामाझेपिन अगदी वर आहे. ज्यांच्या रक्तात एचएलए-बी १५०२ हा जनुकाचा प्रकार असतो त्यांना धोका फार. युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, फिटची फेनिटॉइन, सल्फाच्या गोळ्या ह्याही त्याच यादीत. म्हणून दातांच्या डॉक्टरनं ‘आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत’ विचारलं की ‘बीपीची एक’ एवढ्यावर थांबू नका. गेल्या दोन महिन्यांत सुरू झालेलं सगळं सांगा, आयुर्वेदिक पुड्यांसकट. त्या पुड्यांत काय असतं हा वेगळाच विषय.

गोळीच्या ॲलर्जीची नाही, पण तशीच दिसणारी जखम पण होते. दात दुखला की काही लोक ॲस्पिरिनची गोळी पाण्याबरोबर न घेता दाताशेजारी गालात दाबून ठेवतात. तासाभरानं तिथं पांढरा पापुद्रा येतो, आग होते. ती ॲलर्जी नव्हे, ॲसिडनं भाजलंय. लवंग तेलाचा बोळा हिरडीला लागून राहिला तरी तेच. आणि दातांच्या इंजेक्शननंतर छाती धडधडली म्हणजे भुलीची ॲलर्जी, असंही नाही. त्यात ॲड्रेनालिन असतं, त्याची ती धडधड. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी अत्यंत दुर्मीळ. माझ्या फायलींत ‘इंजेक्शनची ॲलर्जी’ असं सांगणारे ढिगानं आहेत. तपासल्यावर खरी एकाचीही निघाली नाही.

तर मिस्टरांच्या रूट कॅनॉलचं. ते अडवू नका. दाढेची नस सुजून होणाऱ्या दुखण्यावर पहिला इलाज दाढ उघडून आतला दाब मोकळा करणं हाच असतो, गोळी त्याच्या मागून येते. चेहऱ्यावर सूज नसेल, ताप नसेल, तर अँटिबायोटिक बहुतेक वेळा लागतच नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या सूचनाही हेच सांगतात. म्हणजे ज्या गोळीवर माझा संशय आहे तिची मुळात गरज नाही. दुखण्याला पॅरासिटामॉल त्यांना सोसते हे ठाऊक आहे. ती पुरली नाही तर डेंटिस्ट जास्त वेळ टिकणारी भूल देऊ शकतात, ब्युपिव्हाकेनची. पहिली रात्र बरीचशी तीत निघते. आयबुप्रोफेन द्यायची का, हे त्वचेच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ती वेगळ्या घराण्यातली आहे आणि मिस्टरांना गांध्या किंवा दमा नाही, तेव्हा वाट बंद नाही. फक्त घरातल्या घरात ‘एक घेऊन बघूया’ नको. फिक्स्ड ड्रग इरप्शनमध्ये दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली थोडा डोस देऊन बघतात. मावशींसारख्या आजारात ते कधीच, कुणीही करायचं नसतं.

सब्जा, गुलकंद चालू राहू दे. त्यानं काही बिघडत नाही आणि सासूबाईंना समाधान. बिघडतं ते वाट बघण्यानं. ताप, डोळे लाल, ओठांवर रक्ताची खपली, कातडीला हात लावला तरी दुखणं, ह्यातलं काहीही गोळ्या सुरू असताना दिसलं तर चालू असलेल्या नव्या गोळ्या थांबवायच्या आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, रात्र असली तरी.

हे नोंदवताही येतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम आपल्या देशात २०१० पासून आहे, टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. पेशंट स्वतःही कळवू शकतो, डॉक्टरच पाहिजे असं नाही. मेफेनॅमिकची सूचना अशाच नोंदी गोळा होऊन निघाली.

आणि मेडिकलवाल्याकडून कापून दिलेली स्ट्रिप घेत जाऊ नका. निदान नाव असलेला तुकडा मागा, मोबाईलमध्ये फोटो काढा. मिस्टरांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, पण तिच्यावर ‘पेनकिलरची ॲलर्जी’ असं लिहू नका. त्यातून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. तो एकतर सगळंच बंद करतो किंवा दुर्लक्ष करतो. असं लिहा: तारीख, पाचही औषधांची नावं, गोळी घेतल्यावर किती तासांनी, कुठल्या जागी, काय झालं. ओठाचा आणि हाताचा फोटो असेल तर जोडा. डाग अजून काळपट दिसत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे ह्याच पंधरवड्यात जा. गेल्या महिन्यातल्या उरलेल्या गोळ्या घरात कुठल्या तरी डब्यात पडल्या असतील, त्या टाकू नका. पिशवीत घालून सोबत न्या. आणि सासूबाईंना विचारा, दोन वर्षांपूर्वीच्या जुलाबाच्या गोळीचं पाकीट त्यांनी कुठं ठेवलंय का. म्हातारी माणसं असलं काही फेकत नाहीत.